गुलाबी फ्लेमिंगो, केशरी भिंत

शनिवारी भल्या पहाटे भांडुप पंपिंग स्टेशन गाठलंत, ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचे आठशेएक फोटो काढलेत, दुपारी घरी येऊन एडिट केलेत. स्क्रीनवर कसले झक्कास दिसत होते! मग हौसेने एक मोठी प्रिंट काढून आणलीत आणि... फ्लेमिंगो मळकट, पाणी काळपट, सकाळची सांज झालेली. लॅबवाल्याशी भांडायला निघाला असाल तर जरा थांबा. बऱ्याचदा गुन्हेगार तुमच्याच टेबलावर बसलेला असतो.

नवा मॉनिटर खोक्यातून बाहेर येतो तो दुकानात उठून दिसेल अशा झगमगीत सेटिंगवर. एवढा उजेड डोळ्यांपुढे असला की आपण नकळत फोटो गडद करत जातो. कागदाला मात्र स्वतःचा उजेड नसतो, म्हणून प्रिंट काळवंडते. घरी एडिटिंगसाठी १०० ते १२० निट्स पुष्कळ झाले. ब्राइटनेस पूर्ण वर ठेवला तर बरेच मॉनिटर २५०च्याही पुढे जातात. तेव्हा पहिला उपाय फुकटचा आहे: ब्राइटनेस उतरवा. दोन दिवस सगळं मिणमिणतं वाटेल, मग डोळे सरावतील.

नवीन सेटअप घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "प्रोसेसर कुठला?" चुकीचा प्रश्न! आधी मॉनिटर ठरवा, उरलेल्या पैशांत डबा. पॅनल आयपीएस हवं (पोलीस खात्यातलं नव्हे). स्वस्तातल्या टीएन पॅनलवर नुसतं खुर्चीत मागे रेललं तरी रंग बदलतो. एसआरजीबी रंग जवळजवळ शंभर टक्के दाखवणारा, २४ किंवा २७ इंची मॉनिटर पुरे. दुकानदार १४४ हर्ट्झचं कौतुक सांगेल. ते गेम खेळणाऱ्यांसाठी, तुमचा फ्लेमिंगो जागचा हलणार नाहीये. लॅमिंग्टन रोडला जाताना आपलेच चार फोटो पेनड्राइव्हवर न्या, त्यात माणसाचा चेहरा असलेला एक तरी असू द्या. त्वचेचा रंग बिघडला की लगेच कळतो. आणि हो, २७ इंची खोकं घेऊन संध्याकाळी सहाला ग्रँट रोडहून बोरिवली लोकल पकडायचा विचारसुद्धा नको. टॅक्सी करा राव!

डब्याचं थोडक्यात: रॅम १६ जीबी, जमल्यास ३२. चोवीस मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५-३० एमबीची, म्हणजे त्या एका शनिवारचाच वीस जीबीच्या वर ऐवज झाला. चालू काम एसएसडीवर, जुनं साध्या हार्ड डिस्कवर. ग्राफिक्स कार्ड बरं असेल तर लाइटरूमचं एआय डिनॉइज भराभर आटपतं, नाहीतर तेवढ्यात चहा होतो.

आता खरी गंमत. आपल्या अंधेरी-घाटकोपरच्या वन बीएचकेत टेबल कुठे बसवायचं, हे आपण नाही, जागा ठरवते. तरी मॉनिटर खिडकीसमोर नको आणि खिडकीला पाठ करूनही नको. खिडकी बाजूला यावी, पडदा जाड असावा. मॉनिटरमागची भिंत हौसेने केशरी रंगवली असेल, तर डोळे त्या केशरीला सरावतात, फोटो उगाच निळसर वाटतो, तुम्ही त्यात पिवळा ओतता आणि गुलाबी पक्षी नारिंगी होऊन बसतो. अख्खं घर रंगवायला नको, मागे राखाडी चादर टांगली तरी भागतं. आई विचारेल हे काय, तर सांगा स्टुडिओ आहे. रात्री पिवळा बल्ब आणि दुपारी ऊन, अशा दोन उजेडांत एकच फोटो एडिट करू नका. विंडोजमधलं नाइट लाइटही बंद ठेवा.

मग कॅलिब्रेटर. स्क्रीनवर टेकवायचं हे छोटं यंत्र रंग मोजून मॉनिटरसाठी प्रोफाइल बनवतं. मॉनिटर अर्धा तास तापू द्या, ६५०० केल्विन आणि गॅमा २.२ निवडा, महिन्यातून एकदा परत करा. यंत्र स्वस्त नाही, पण रोज लागतही नाही. चार मित्रांनी कॉन्ट्री काढून घेतलं तरी चालतं. लॅबने वेगळं काही सांगितलं नसेल तर फाइल एसआरजीबीतच द्या आणि मोठ्या प्रिंटआधी चार बाय सहाची एक काढून बघा.

पावसाळ्यात दिवे लुकलुकतात, त्यामुळे यूपीएस हवाच. आणि बॅकअपची दुसरी डिस्क त्याच कपाटात ठेवू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत कपाटंच पाण्यात होती. तुम्ही मुलुंडला असाल तर एक डिस्क बोरिवलीच्या मावशीकडे ठेवा. त्या निमित्ताने जाणंही होईल.

एवढं सगळं करूनही फ्लेमिंगो फिकाच दिसला तर सॅच्युरेशनच्या स्लायडरला हात लावण्याआधी पक्षी नीट बघा. खाडीत दोन जातींचे येतात. त्यातला मोठा रोहित मुळातच पांढुरका असतो, गडद गुलाबी तो धाकटा.