जुन्या गाडीचे ‘मिसिंग’ आणि चुकलेली नोंद

मुंबईहून नाशिककडे येताना कसारा घाटाचा चढ लागला की जुन्या ‘प्रीमियर पद्मिनी’चे खरे आरोग्य कळते. सपाटीवर मुकाट धावणारी गाडी हिसके देऊ लागते. कारागीर यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनात चार सिलिंडर असतात. एकाने काम सोडले की भार उरलेल्या तिघांवर पडतो. शिवाय न जळलेले पेट्रोल आतील तेलाचा थर धुऊन काढते.

अशा वेळी अनेकजण प्लग, कॉइल, कार्बोरेटर असे सर्वच बदलून मोकळे होतात. परंतु रोजमेळ जुळला नाही म्हणून कोणी सारी खातेवही नव्याने लिहीत नाही. चुकलेली नोंद शोधतो.

येथेही रीत तीच. इंजिन मंद गतीवर ठेवून जाणकार कारागीर इन्सुलेशनच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर काढतो. इंजिन आणखी मंदावले तर तो सिलिंडर निर्दोष. फरक पडला नाही तर दोष तेथेच. मग तेथील प्लग शेजारच्या प्लगशी बदलून पाहावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब; जागीच राहिला तर वायर, नंतर कॉम्प्रेशन तपासावे. चारही सिलिंडर अडखळत असल्यास पॉइंट, कंडेन्सर व कार्बोरेटर पाहावेत.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाडीत मात्र वायर काढण्याचा हा प्रयोग करू नये. न जळलेल्या पेट्रोलमुळे कन्व्हर्टर अतितप्त होऊन निकामी होऊ शकतो.

मांगीतुंगीच्या यात्रेस निघण्यापूर्वी एवढी तपासणी झाली, तर वडिलांच्या काळची गाडी आजही कुटुंबाला निर्धास्तपणे नेते.