थंडीतलं जुन्नर, पायी

डिसेंबरची सुटी लागली की मुलांना दिल्ली-आग्रा दाखवायचा बेत बऱ्याच घरांत होतो आणि तिकिटांपाशी येऊन थांबतो. चाकण, भोसरी, चिंचवडला राहणाऱ्यांसाठी उत्तरेचं एक जुनं शहर आपल्याच जिल्ह्यात आहे. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत एसटी जुन्नरला पोहोचते. कानटोपी घाला आणि तिथून पुढे पायीच निघा.

इथे निजामशाहीची पहिली राजधानी होती. अहमदनगर वसलं ते नंतर. पुढे 1607 मध्ये मलिक अंबरनं दरबार पुन्हा इथे आणला. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनचा वजीर झाला, हे मुलांना चालता चालता सांगा. घरी पुस्तक उघडून ती ऐकत नाहीत.

गावाच्या पूर्वेला हापूसबागेत सौदागर घुमट आहे. व्यापाऱ्याच्या नावानं एवढी मोठी इमारत इथे का? कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून याच गावात येई. घाटातल्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे, आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणही आहे. तो रस्ता मात्र पायी जमणार नाही, वाहन करा.

माझ्या मते जुन्नरची खरी ओळख कागदाची. इथले मुसलमान कागदी जुनी पोती, दोर आणि चिंध्या कुटत, चुन्यात मुरवत, पाण्यात धुऊन लगदा करत. चौकटीवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. पेशव्यांच्या दफ्तरात हा जुन्नरी कागद असे. म्हणजे मराठेशाहीचे हिशेब आणि पत्रं मोडीत लिहिली गेली, ती आपल्या कारागिरांच्या हातच्या कागदावर. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. चाकणच्या कंपनीत पाळी करणाऱ्या बापानं ही गोष्ट मुलाला जरूर सांगावी. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं शाळेत कुणी विचारलं, तर त्याच्यापाशी उत्तर असेल. आडनाव कागदी असेल, तर घरातल्या बुजुर्गांनाही विचारून घ्या.

शिवनेरी सकाळीच चढावा. सात दरवाजे आहेत, वयस्कांनी दम खात जावं. 19 फेब्रुवारी 1630 ला शिवाजी महाराज इथे जन्मले. महाराजांचे आजोबा मालोजीराजे निजामशाहीचे सरदार होते. वर शिवाई देवीचं मंदिर आहे, गंगा-जमुना टाकी आहेत आणि उंच कमानीची कमानी मशीदही आहे. तिथे थोडं थांबा, फोटो नंतर काढा.

डबा घरूनच न्या. दिवस लवकर मावळतो आणि या तालुक्यात उसाच्या फडांत बिबट्याचा वावर असतो. मगरीबच्या आत गावात परत या, मुलांना पुढे पळू देऊ नका.