पदवीच्या पुढचा उंबरठा

लातूर-नांदेड भागातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्राच्या वर्गात आज मुलींची संख्या लक्षणीय असते. गुणवत्तेच्या यादीतही त्या मागे नसतात. तथापि याच मुली दहा वर्षांनी कोठे असतात, असे विचारले तर उत्तर देणे अवघड जाते. प्रवेशाचे आकडे संस्था अभिमानाने छापतात. पदवी घेतलेल्या किती मुली संगणकाची आज्ञावली लिहिण्याच्या कामावर टिकल्या, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. या उद्योगावर पुरुषांचे वर्चस्व का, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी या न मांडलेल्या हिशेबातच दडलेले आहे.

देशातील सॉफ्टवेअर व्यवसायात स्त्रियांचे प्रमाण एकतृतीयांशाहून थोडे अधिक असल्याचे ‘नॅसकॉम’ ही या उद्योगाची संघटना सांगत आली आहे. कारखानदारीशी तुलना करता हे प्रमाण चांगलेच म्हणावे लागेल. परंतु ते मुख्यतः खालच्या पायऱ्यांवरचे आहे. प्रकल्पाचा आराखडा ठरविणारे, माणसे नेमणारे आणि पैशांचा निर्णय घेणारे जे वरिष्ठ अधिकारी, त्यांच्यात स्त्रिया फारच थोड्या आहेत. म्हणजे अडचण आत येण्याची तितकीशी राहिलेली नाही. आत राहण्याची आणि वर जाण्याची आहे.

मुळात हे काम कोणाचे?

आज्ञावली लिहिणे हे पुरुषी बुद्धीचे काम, अशी समजूत आज सर्वत्र आढळते. इतिहास नेमका याच्या उलट आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे ‘एनिॲक’ हा प्रचंड संगणक जगापुढे आला, तेव्हा त्याच्यासाठी गणिताची मांडणी करण्याचे काम सहा तरुणींनी केले होते. त्यांच्या हाती मार्गदर्शक पुस्तिका नव्हती. यंत्राच्या जोडणीचे नकाशे पाहून त्या हे काम शिकल्या. समारंभात यंत्र बांधणाऱ्या पुरुषांचा गौरव झाला. या सहा जणींची नावे अनेक दशके कोणाला ठाऊकही नव्हती. यंत्र बांधणे हे विद्येचे काम आणि त्याला आज्ञा देणे हे कारकुनी काम, अशी त्या वेळची विभागणी होती. कारकुनी म्हणूनच ते स्त्रियांकडे आले होते. पुढे १९५२ साली ग्रेस हॉपर यांनी, माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी प्रणाली तयार केली. त्यांच्याच कामाच्या पायावर १९५९ नंतर ‘कोबॉल’ ही भाषा उभी राहिली आणि जगभरच्या बँकांचे व्यवहार तिच्यावर चालू लागले.

या कामाला पैसा आणि प्रतिष्ठा आली, तसतसे ते पुरुषांकडे गेले. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. पुढील दोन-अडीच दशकांत ते निम्म्यावर आले. एवढ्या अवधीत स्त्रियांची बुद्धी निम्मी झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती कामाची किंमत आणि ते कोणी करावे याविषयीची धारणा.

भारतातही ही धारणा एकेकाळी उघडपणे छापली जात असे. १९७४ साली ‘टेल्को’च्या एका जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे म्हटले होते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी त्याबद्दल जे. आर. डी. टाटा यांना थेट पोस्टकार्ड लिहिले. त्यांना मुलाखतीचे बोलावणे आले आणि त्या पुण्यात रुजू झाल्या. आज अशी जाहिरात कोणी देणार नाही. परंतु जाहिरातीतून गेलेली अट इतर मार्गांनी परत येऊ शकते, हे विसरून चालणार नाही.

मराठवाड्याचा अनुशेष

मराठवाड्याची गोष्ट आणखी निराळी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता आणि उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० साली; तेव्हाच्या औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले १९५८ साली. तंत्रशिक्षण तर त्याहून उशिरा आले. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे गुरु गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली उभे राहिले. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्यानंतर लातूर-नांदेडात खासगी संस्थांचीही भर पडली. ज्या घरातील आजीला अक्षरओळख नव्हती, त्या घरातील नात संगणक अभियंता होते, हे अंतर या भागाने दोन पिढ्यांत कापले. ही सामान्य कामगिरी नव्हे.

याच प्रदेशातील अनेक जिल्ह्यांत बालविवाहाचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून पुष्कळ अधिक आहे. एकाच तालुक्यात एक मुलगी सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढते आणि दुसरी त्याच वयात प्रवेशपरीक्षेची तयारी करते. दुसऱ्या मुलीचे कौतुक करताना ती किती अरुंद वाटेने आली आहे, याचेही भान ठेवले पाहिजे.

परवानगीची मर्यादा

या वाटेवर लातूरने एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली आहे. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून गाजलेल्या अभ्यासपद्धतीमुळे राज्यभरातून विद्यार्थी या शहरात येतात. त्यांत मुली मोठ्या संख्येने असतात. मुलगी परगावी एकटी कशी राहील, ही शंका ज्या घरांत पूर्वी अखेरचा शब्द ठरे, तीच घरे आज तिला सोळाव्या वर्षी वसतिगृहात ठेवतात, खानावळीचे आणि शिकवणीचे पैसे भरतात. प्रसंगी शेत गहाण ठेवतात. समाजाची मते बदलत नाहीत, हे म्हणणे म्हणूनच खरे नाही. फायदा स्पष्ट दिसला की ती बदलतात.

मग बाविसाव्या वर्षी हीच परवानगी का आटते? परीक्षेसाठी बाहेर राहण्याला मुदत असते, निकाल असतो आणि शेवटी मुलगी घरी परतेल अशी खात्री असते. नोकरीला यातले काहीच नसते. लातूर आणि नांदेड येथे सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या अत्यल्प. पुणे लातूरपासून सव्वातीनशे किलोमीटरहून दूर, तर नांदेडकरांना हैदराबाद त्यातल्या त्यात जवळ. पदवीनंतर तिकडे खोली घ्यायची, सहा महिने एखादा वर्ग करायचा, मुलाखती द्यायच्या आणि तोवर घरून पैसे मागवायचे, हा खर्च मुलासाठी गुंतवणूक मानला जातो. मुलीसाठी तो जोखीम ठरतो. ‘पुण्याचे स्थळ मिळाले की तिथेच नोकरी बघू’ हे वाक्य अनेक घरांत समजूतदारपणाचे म्हणून बोलले जाते. त्याचा अर्थ मात्र असा, की तिच्या पदवीचे काय व्हायचे ते अजून न भेटलेल्या नवऱ्याच्या पत्त्यावरून ठरावयाचे आहे. दोन वर्षे अशी गेली की शिकलेले जुने होते, आणि ‘मध्यंतरी काय केले?’ या मुलाखतीतील प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर उरत नाही.

कचेरीच्या आत

नोकरी लागलेल्यांचीही वाट सरळ नसते. नवी आज्ञावली रचण्याचे काम एकाकडे आणि ती तपासण्याचे, कागदपत्रे तयार करण्याचे काम दुसरीकडे, अशी वाटणी पुष्कळदा नकळत होते. बढती बहुधा पहिल्याला मिळते. परदेशी ग्राहकांच्या घड्याळाप्रमाणे काम चालत असल्याने रात्रीची पाळी येते. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांना, त्यांच्या संमतीने आणि संरक्षणाची तजवीज करून, रात्री साडेनऊनंतर काम करण्याची मुभा दिली. पण २००७ आणि २००९ साली पुण्यात या क्षेत्रातील दोन तरुणींचे कामावर जाता-येताना अपहरण करून खून झाले. त्या बातम्या गावाकडचे पालक आजही विसरलेले नाहीत. त्यांच्या काळजीला मागासलेपणा म्हणणे सोपे आहे. सुरक्षित वाहन आणि सुरक्षित निवास पुरविणे हे तिचे खरे उत्तर आहे.

त्यापुढचा टप्पा बाळंतपणाचा. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची अट घातली गेली. परंतु सत्ताविसाव्या आठवड्यानंतर मूल कोणी सांभाळावे? सासर-माहेर दोन्ही तीनशे किलोमीटरवर असलेल्या मराठवाड्याच्या मुलीपुढे हा प्रश्न इतरांहून अधिक कठोरपणे उभा राहतो. इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ सालीच यावर मार्ग काढला होता. लग्न वा मूल यांमुळे नोकरी सुटलेल्या स्त्रियांना घरी बसून आज्ञावली लिहिण्याचे काम देणारी कंपनी त्यांनी काढली. आपल्या नावाने पाठविलेल्या पत्रांना उत्तरे येत नाहीत असे पाहून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. तेव्हा हे काम कागद-पेन्सिलीवर आणि टपालाने चाले. २०२० च्या टाळेबंदीत लातूर-नांदेडच्या घरांतूनही हेच काम चालले. वीज आणि जोडणी टिकली तेथे ते थांबले नाही. ही सोय कायमची होऊ शकते. मात्र घरून काम करणारीला बढतीच्या वेळी विसरले जाणार नाही, एवढी दक्षता हवी.

काय व्हावे?

मुलींना प्रवेश मिळावा म्हणून शासनाने बरेच केले आहे. अभियांत्रिकीत ३० टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शुल्क माफ झाले. लातूरला शासनाचे महिला तंत्रनिकेतन निवासी स्वरूपाचे आहे. वर्गातील जागेइतकीच वसतिगृहातील खाटही मोलाची आहे, हे ओळखून केलेली ती योजना होय. हीच दृष्टी पदवीनंतरच्या दोन वर्षांसाठी हवी. पुणे आणि हैदराबाद येथे नोकरी शोधणाऱ्या मुलींसाठी परवडणारी वसतिगृहे हवीत. नांदेड आणि लातूर येथे लहान का होईना, कामाची केंद्रे हवीत. आणि प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या पदवीधर मुली पाच व दहा वर्षांनी कोणत्या कामावर आहेत, हे दरवर्षी जाहीर करावे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक नोंदवही आणि ती भरणारा कारकून पुरतो.

घाई करण्यास आणखी एक कारण आहे. साधी आज्ञावली लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम आता यंत्रेच करू लागली आहेत. या लाटेचा पहिला फटका खालच्या पायरीवर बसेल, आणि त्या पायरीवर कोण अधिक आहे हे वर आलेच आहे. ‘एनिॲक’च्या वेळी कमी प्रतीचे मानलेले काम स्त्रियांकडे आले आणि ते प्रतिष्ठेचे होताच त्यांच्या हातून गेले. आता खालचेच काम नाहीसे होऊ लागले असताना वरचे शिकण्याची आणि करण्याची संधी त्यांना मिळाली नाही, तर दोन पिढ्यांनी कष्टाने मिळविलेली पदवी भिंतीवरच्या चौकटीत राहील. शेत गहाण ठेवून शिकविलेल्या मुलीचे इतके नुकसान सोसणे मराठवाड्याला परवडणारे नाही.