ललितकलादर्श : एका गळ्यापलीकडची नाटकमंडळी

विसाव्या शतकाच्या आरंभीची संगीत नाटकमंडळी म्हणजे एक फिरता संसारच होता. नट, साथीदार, पडदे ओढणारे, स्वयंपाकी अशी पन्नास-शंभर माणसे एका बिऱ्हाडात राहत आणि गावोगावी हिंडत. या संसाराचा भार बहुधा एकाच नटाच्या गळ्यावर असे. ध्वनिवर्धक अद्याप आलेले नव्हते. रात्र रात्र चालणाऱ्या प्रयोगात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा आवाज लागे, आणि प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’साठी तीच पदे पुन्हा पुन्हा गावी लागत. असा गळा अकाली मिटला तर मंडळीचे काय होई? या प्रश्नाचे एक उद्बोधक उत्तर केशवराव भोसले आणि त्यांची ‘ललितकलादर्श’ यांच्या इतिहासात सापडते.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. पितृछत्र लवकर हरपल्यामुळे हा मुलगा बालवयातच ‘स्वदेशहितचिंतक’ नाटकमंडळीत दाखल झाला. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ नाटकात त्याने शारदेची भूमिका केली आणि त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत असत, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. पुढे १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ या स्वतःच्या मंडळीची स्थापना केली. तेव्हा त्यांच्या वयाची अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

केवळ आपल्या गाण्याच्या जोरावर मंडळी चालविणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु त्यांनी निराळी वाट धरली. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांनी गायनाची रीतसर तालीम घेतली. जुन्या यशस्वी नाटकांवर विसंबून न राहता नव्या लेखकांची नाटके त्यांनी रंगभूमीवर आणली. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ नाटकातील त्यांची मृणालिनी गाजली. भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर यांचे, हुंड्याच्या रूढीवर आघात करणारे ‘हाच मुलाचा बाप’ हे नाटक त्यांनी १९१६ साली रंगभूमीवर आणले. नेपथ्य आणि पडदे यांकडेही त्यांनी कसोशीने लक्ष पुरविले. मराठी रंगभूमीवर मखमली पडदा आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

या कारकिर्दीचा कळस म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग होय. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ झालेल्या या प्रयोगात केशवराव धैर्यधर झाले आणि प्रतिस्पर्धी गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी. दोन मंडळ्यांतील चुरस महाराष्ट्रभर ठाऊक असल्याने या प्रयोगाची आठवण पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. या रोगावरील पहिले प्रभावी औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, उपयोगात येण्यास अद्याप पाव शतकाहून अधिक काळ लोटावयाचा होता.

अशा आघाताचे दुसरे उदाहरण तमिळ रंगभूमीवर आढळते. अत्युच्च स्वरात लीलया गाणारे एस. जी. किट्टप्पा १९३३ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या पत्नी व सहगायिका के. बी. सुंदरांबाळ यांनी ऐन तारुण्यात वैधव्याची शुभ्र वस्त्रे धारण केली. पुढे त्यांनी स्वतःचे मोठे नाव मिळविले. पण त्या दोघांचे एकत्र गायन कायमचे संपले.

‘ललितकलादर्श’चे मात्र तसे झाले नाही. मंडळीतील नट व्यंकटेश ऊर्फ बापूराव पेंढारकर यांनी धुरा उचलली आणि १९२२ साली वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. लेखक, नट आणि चित्रकार पु. श्री. काळे यांच्यासारखे नेपथ्यकार यांची परंपरा शिल्लक असल्यामुळेच हे शक्य झाले. १९३७ साली बापूरावांचेही निधन झाले. काही काळ खंड पडला. पण त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी मंडळी पुन्हा उभी केली आणि १९६० साली विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ सादर केले. केशवराव गेले त्याच वर्षी जन्मलेल्या भालचंद्रांनी २०१५ मधील आपल्या मृत्यूपर्यंत हा वारसा जपला.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधविलेल्या पॅलेस थिएटरला १९५७ साली ‘संगीतसूर्य’ केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ही वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. त्या रात्री नगरातील कलावंतांना अश्रू आवरले नाहीत आणि लगेच पुनर्बांधणीची मागणी पुढे आली. केशवरावांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेला श्रोता आज कोणी उरलेला नाही.  तरीही त्यांच्या नावाचे नाट्यगृह जळाले तेव्हा शतकानंतरची पिढी व्याकुळ झाली. ज्या मंडळीने धन्यामागे आपला संसार मोडू दिला नाही, तिनेच ही स्मृती तिथवर आणून पोहोचविली होती.