एका खोलीतले चार वर्ग

चिमूर तालुक्यात कोलारा, खडसंगीच्या बाजूला ताडोबाचं रान गावाला लागूनच आहे. पहिली-दुसरीतल्या लेकराला शेजारच्या गावच्या शाळेत पायी धाडायला इथली आई धजत नाही, कारण वाटेत वाघ असतो. म्हणून गावागावात जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळा आल्या आणि एका खोलीत दोन-दोन, कधी चारही वर्ग बसू लागले. वेगवेगळ्या कुवतीची मुलं एकत्र शिकवावीत की निराळी, हा वाद शहरांत रंगला. द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना निवडीला वाव नव्हताच.

सगळ्यांना एकत्र शिकवण्याची रीत तशी जुनीच. पंतोजींच्या शाळेत मोठी पोरं लहानांकडून धुळाक्षरं गिरवून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेलने मद्रासेत मुलांकरवी मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला आणि ती पद्धत इंग्लंडला नेली. आपल्याकडे मात्र वर्गवार शाळा रुजल्या आणि पट वाढला तिथे तुकड्या पडल्या. ‘अ’मध्ये हुशार, ‘क’मध्ये उरलेले, अशी वाटणी कितीतरी हायस्कुलांनी वर्षानुवर्षं चालवली. एकदा ‘क’मध्ये गेलेलं पोर वर येणं अवघडच. ही वाटणी मला आजही अन्यायाची वाटते.

1 एप्रिल 2010 रोजी शिक्षणहक्क कायदा लागू झाला. शाळेबाहेरच्या मुलाला वयानुसार वर्ग मिळाला, आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं. कायद्याने मूल वर्गात आणलं, पण साठ मुलांपर्यंत शिक्षक दोनच. पाचवीच्या बाकावर अक्षरओळख नसलेलं मूल आणि गोष्टीचं पुस्तक वाचणारं मूल शेजारी बसलं. लोकांनी ‘ढकलपास’ म्हणून हेटाळणी केली. दोष मुलांच्या एकत्र बसण्याचा नव्हता. मागे राहिलेल्याला हाताशी घेऊन शिकवायला माणूस नव्हतं.

22 जून 2015 रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधला प्रयोग पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊन आले. फरशीवर अंक आणि अक्षरं रंगवली गेली, मुलं गोल करून बसू लागली. बहुवर्ग शाळेचं खरं बळ अशा गोलातच दिसतं. तिसरीतली मुलगी पहिलीच्या मुलाला काड्यांचा गठ्ठा सोडून वजाबाकी दाखवते, तेव्हा दहाचा गठ्ठा का सोडायचा हे तिलाही नीट उमगतं. चौथीचे पाढे कानावर पडून पडून दुसरीच्या मुलाला आपसूक येतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आईबापांबरोबर पहाटेच रानात गेलेलं पोर आठवड्याने परततं, तेव्हा त्याच्या पातळीचं काहीतरी खोलीत चालूच असतं. गडचिरोलीत धानोरा, भामरागडकडे तर घरी गोंडी किंवा माडिया बोलणारं मूल मराठीपायी कच्चं ठरतं. शेजारी त्याची भाषा जाणणारं मोठं पोर असलं, तर तेच मूल हिशेबात पुढे निघतं.

त्याच काळात चाचण्या घेऊन ‘अप्रगत’ मुलांच्या याद्याही झाल्या. त्या याद्या मुलांपर्यंत पोहोचल्या तिथे जुनी ‘क’ तुकडी नव्या नावाने परतली.

‘प्रथम’ संस्थेची वाट वेगळी होती. दिवसातला थोडा वेळ इयत्ता विसरायची. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्यांवर गट करायचे आणि मूल पुढे सरकलं की गट बदलायचा. या संस्थेच्या मुंबई आणि बडोद्यातल्या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी केला होता. त्या दोघांना 2019 मध्ये नोबेल मिळालं. मला यात आणि चिमूरच्या खोलीत विरोध दिसत नाही. वाचनापुरते निराळे गट, बाकी दिवस सगळे एकत्र, हे लहान शाळेला सहज जमतं. गट मोडता यायला हवा, एवढीच अट.

नेमक्या याच शाळांवर 2017 पासून गंडांतर आलं. आधी दहाच्या आतला पट म्हणून शाळा बंद करण्याचे निर्णय, मग 2023 मध्ये वीसच्या आतल्या शाळांसाठी समूह शाळेचा प्रस्ताव. गाडीने मुलं समूह शाळेत नेऊ, असं सरकार सांगतं. पावसाळ्यात नाला चढला की गाडी येत नाही आणि रानातून पायी जाता येत नाही. त्या दिवशी मूल घरीच राहील. ताडोबाच्या काठच्या गावांत शाळा गावातच हवी आणि तिथला दुसरा शिक्षक पटाकडे बोट दाखवून काढून घेता कामा नये.