बालकाचा कान (लेखांक तिसरा) : पडद्यातील नळी

गेल्या आठवड्याच्या लेखांकात कानाचा पडदा आणि त्यामागील तीन सूक्ष्म अस्थी यांची रचना आपण पाहिली. आता ज्या तक्रारीपायी लहान मुलांचे आईबाप कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पुनःपुन्हा खेटे घालतात, तिचा विचार करावयाचा आहे. मुलास पडसे होते, चार दिवसांनी मध्यरात्री ते कान धरून कळवळून रडू लागते, ताप चढतो, औषधाने उतरतो, आणि महिना उलटतो न उलटतो तोच हीच हकीकत नव्याने सुरू होते. असे तीन-चार वेळा घडल्यावर डॉक्टर ‘ग्रोमेट’ नावाची नळी बसविण्याची गोष्ट काढतात. आणि एवढ्याशा जिवाच्या कानाच्या पडद्याला भोक पाडावयाचे या कल्पनेने आजी-आजोबांपासून सारे घर हबकून जाते. ही नळी नेमके काय साधते, आणि काय साधणे तिच्या हाती नाही, याचा खुलासा हा आजचा विषय.

पडद्यामागील मध्यकर्ण ही हवेने भरलेली एक लहानशी पोकळी आहे. तिचे अस्तर त्या हवेचे अखंड शोषण करीत असते, आणि ही तूट भरून काढण्याचे काम नाकाच्या मागील भागापासून कानापर्यंत गेलेल्या एका अरुंद मार्गाकडे आहे. सोळाव्या शतकातील इटालियन शारीरविद बार्तोलोमेओ युस्ताकी याच्या नावाने तो मार्ग ओळखला जातो. ही नलिका एरवी मिटलेली असते; आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू तिला क्षणभर उघडतो, आणि तेवढ्या अवकाशात ताजी हवा आत शिरते. प्रौढ माणसात तिची लांबी सुमारे साडेतीन सेंटिमीटर असून ती कानाकडून घशाकडे सुमारे ४५ अंशांनी उतरती असते. तान्ह्या मुलात मात्र ती जेमतेम निम्मी, जवळजवळ आडवी, आणि तिला उघडणारा स्नायूही पुरता समर्थ झालेला नसतो. ज्या मुलांची टाळू जन्मतः दुभंगलेली असते, त्यांपैकी बहुतेकांच्या कानांत पाणी का साठते, याचे कारणही हाच स्नायू होय.

पडशाने ही वाट सुजून बंद झाली म्हणजे पोकळीतील हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून द्रव पाझरू लागतो. त्या द्रवात नाकातले न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोराक्सेला हे जीवाणू पोहोचले की पू होतो, पडदा लालबुंद होऊन बाहेर फुगतो, आणि कधी तो फाटून आपण ज्यास ‘कान फुटला’ म्हणतो ती अवस्था येते. ही झाली तीव्र व्याधी. ती ओसरल्यावर ताप जातो, दुखणे जाते. परंतु द्रव मात्र मागे राहतो, आणि तो कोणतीही वेदना देत नसल्यामुळे त्याची दाद-फिर्याद कोणापुढेच येत नाही. असा कान सुमारे २५ डेसिबलपर्यंतचा आवाज हरवून बसतो. म्हणजे समोर बसून मोठ्याने बोललेले मुलास कळते, पण पाठीमागून हळू मारलेली हाक कळत नाही, आणि घरातले ‘ऐकत नाही’ म्हणून त्याच्यावर रागावतात. सुदैवाने हा द्रव बहुधा आपोआप निघून जातो : तीव्र दुखण्यानंतर एका महिन्याने दहापैकी सुमारे चार मुलांत तो आढळतो, तर तीन महिन्यांनी फक्त एकात. शस्त्रवैद्य तीन महिन्यांची मुदत का देतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

पडद्याला छिद्र पाडण्याची युक्ती जुनी आहे. लंडनचा शस्त्रवैद्य ॲस्टली कूपर याने १८०१ साली रॉयल सोसायटीपुढे या विषयावर निबंध ठेवला आणि कोप्ली पदक मिळविले. बंद पडलेल्या नलिकेमुळे आलेल्या बहिरेपणावरच हा इलाज लागू आहे, अशी त्याची अट होती. परंतु इतरांनी ती गुंडाळून ठेवून सरसकट सर्व बहिऱ्यांचे पडदे भोसकण्याचा सपाटा लावला, आणि एक चांगला उपाय बदनाम झाला. शिवाय पाडलेले छिद्र थोड्याच दिवसांत भरून येई. ते उघडे ठेवण्यासाठी व्हिएन्नाच्या ॲडम पोलिट्झर याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कठीण रबराची कडी बसवून पाहिली. पण ती तुंबे किंवा निसटून पडे, आणि हा मार्ग सुमारे आठ दशके पडून राहिला. १९५४ साली अमेरिकेतील बेव्हर्ली आर्मस्ट्राँग याने प्लास्टिकची बारीक नळी वापरून तो पुन्हा चालू केला. आजची ग्रोमेट ही त्याच नळीची वंशज असून, तिच्या दोन्ही तोंडांस कडा आणि मधोमध एक मिलिमीटरच्या आसपासचे छिद्र असते.

पू वाहून जाण्यासाठी ही मोरी पाडतात, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तिचे मुख्य काम हवा आत घेण्याचे आहे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत येते, पण समोरच्या कोपऱ्यात दुसरे पाडताच सरळ धार लागते. तद्वत नळीवाटे बाहेरची हवा मध्यकर्णात शिरली की दाब समान होतो, अस्तराची सूज उतरते, आणि उरलासुरला द्रव युस्ताकी नलिकेच्या नैसर्गिक वाटेने घशाकडे उतरू लागतो. मुलाची स्वतःची नलिका वाढून कार्यक्षम होईपर्यंतची ही हंगामी तजवीज आहे, इतकेच तिचे स्वरूप ध्यानात ठेवावे.

ती कोणासाठी करावी, हाच खरा वादाचा मुद्दा. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ साली मार्गदर्शक नियम घालून दिले आणि २०२२ साली त्यांची फेरतपासणी केली. दोन्ही कानांत तीन महिने वा अधिक काळ द्रव असून ऐकणे कमी झाले असेल, तर नळीचा प्रस्ताव द्यावा. सहा महिन्यांत तीन, किंवा वर्षात चार तीव्र दुखणी झाली (आणि त्यांतील निदान एक गेल्या सहा महिन्यांतले असले), तर त्यास वारंवार होणारा संसर्ग म्हणावे. परंतु तपासणीच्या दिवशी कानात द्रव नसेल, तर केवळ दुखण्यांच्या संख्येवरून नळी बसवू नये. २०२१ साली पिट्सबर्गच्या वैद्यांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या सावधपणास बळ दिले. वारंवार कान दुखणाऱ्या, सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या २५० मुलांपैकी निम्म्यांस नळ्या बसविल्या, निम्म्यांस दुखण्यागणिक औषध दिले. दोन वर्षांत दर मुलामागे दर वर्षी पहिल्या गटात १.४८ आणि दुसऱ्यात १.५६ दुखणी झाली, म्हणजे लक्षणीय अंतर पडले नाही. त्याच शहरात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या संशोधनात, द्रव टिकून राहिलेल्या पण इतर दृष्टीने निरोगी अशा लहानग्यांस त्वरित नळ्या बसविल्याने तिसऱ्या वर्षीच्या भाषेत वा बुद्धीत फरक पडला नाही, असे दिसले. दुभंगलेली टाळू, डाउन सिंड्रोम, आधीच उशिरा येणारे बोलणे, अशा मुलांस हा निष्कर्ष लावता येत नाही. त्यांच्या बाबतीत निर्णय लवकर घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा तपशील थोडक्यात आटोपतो. मुलास भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पडद्यास बारीक छेद घेतात, द्रव शोषून काढतात आणि नळी बसवितात; पंधरा-वीस मिनिटांत काम संपते आणि मूल त्याच दिवशी घरी जाते. पडद्याची त्वचा स्वभावतः बाहेरच्या दिशेने सरकत असल्यामुळे सहा ते अठरा महिन्यांत नळी आपोआप निखळून पडते, आणि बहुतेकांचा पडदा मागाहून मिटतो. शंभरांत एक-दोघांचे छिद्र मात्र तसेच राहते आणि पुढे ते शस्त्रक्रियेने बुजवून घ्यावे लागते. नळी असताना कान वाहू लागला तर घाबरून तोंडाने प्रतिजैविके सुरू करण्याची सहसा जरूर नसते, डॉक्टरांनी दिलेले थेंब पुरतात. मात्र घरात पडून असलेली जुनी बाटली कदापि वापरू नये, कारण जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी औषधे उघड्या मध्यकर्णातून आत शिरल्यास अंतर्कर्णास अपाय करू शकतात. आंघोळीच्या वा स्वच्छ तलावातील वरवरच्या पोहण्याच्या पाण्याची फार धास्ती नको. पण गावच्या विहिरीत सूर मारणे आणि नदीच्या डोहात बुडी घेणे या काळात वर्ज्य समजावे.

आपल्याकडच्या दोन चालींविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. न्हाऊ घालताना बाळाच्या कानात कोमट तेल सोडण्याची रीत मायेपोटी आली असली, तरी पडद्यामागील व्याधीवर तिचा काडीचा उपयोग नाही, आणि पडदा फाटलेला किंवा नळी बसविलेली असेल तर ती घातक आहे. दुसरे, आडवे निजवून बाटलीने दूध पाजल्यास ते त्या आडव्या नलिकेतून कानाकडे जाऊ शकते. डोके वर घेऊन पाजावे. घरात विडी-सिगारेटचा धूर नसणे आणि पहिले सहा महिने अंगावर पाजणे यांनी ही दुखणी कमी होतात. सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर आलेली न्यूमोकोकसची लसही या कामी साहाय्य करते. तिचे डोस चुकवू नयेत.

तेव्हा नळीला भिऊन नकार देणे आणि दुखण्यांना कंटाळून तिचा आग्रह धरणे, हे दोन्ही पक्ष सारखेच अविचाराचे आहेत. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी आईबापांनी डॉक्टरांस तीन गोष्टी अवश्य विचाराव्या : आज कानात द्रव आहे काय, तो किती महिने आहे, आणि मुलाचे ऐकणे तपासले आहे काय. या तिन्हींची उत्तरे नोंदीसह मिळाली, तर निर्णय बहुधा आपोआप ठरतो. नाकामागील ॲडेनॉइड ग्रंथी केव्हा काढावी लागते, हा याच विषयाचा उरलेला भाग पुढील लेखांकात घेऊ.