उडालेली हळद

चित्रकलेच्या तासाला मी मुलांच्या हाती टकळी दिली, तेव्हा सहकारी हसले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर शाळाशाळांतून फिरलेली टकळी आमच्याकडे केव्हाच अडगळीत गेली होती!

पेळूतून ओढलेले धागे तटातट तुटत. महिन्याने कुठे एक लडी जमली. ती मी हळदीत रंगवली. काय ती झळाळी! पण खिडकीत टांगली आणि आठवड्यात उन्हाने रंग उडाला. मुले रडवेली झाली. चूक माझी होती.

मग दुसरी लडी हिरड्याच्या काढ्यात भिजवली. गुळाच्या पाण्यात मुरवलेल्या गंजक्या खिळ्यांचे पाणी घातले. सूत काळेभोर झाले. तो रंग टिकला.

"गुरुजी, हळदीची लडीही शेजारीच टांगू या," एक मुलगी म्हणाली.

प्रदर्शनात आम्ही दोन्ही टांगल्या.